५०० जीबीकडून ८० जीबीकडे : आमची वाटचाल

सांगलीत २०१४ साली आम्ही दोघा भावांनी पतसंस्थांसाठी संगणक प्रणाली बनवण्याचे काम सुरू केले. तेव्हा प्रत्येक संस्थेच्या कार्यालयात एक संगणक, त्यातच सगळी खतावणी आणि व्यवस्थापकांच्या कपाटात एक पेन ड्राइव्ह, अशी व्यवस्था असे. पुढे शाखा वाढल्या, पिग्मी एजंटांच्या (दारोदार फिरून रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्यांच्या) हातात मशीन आले, सर्व शाखांची किर्द एका जागी दिसावी अशी मागणी येऊ लागली आणि २०१७ मध्ये आम्ही पहिला व्हीपीएस, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या मोठ्या सर्व्हरचा एक हिस्सा, भाड्याने घेतला.

त्या वेळी आम्ही एकच आकडा पाहिला, तो जागेचा. जवळपास सारख्याच भाड्यात एका योजनेत ५० जीबी एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवरची वेगवान साठवण) मिळत होती, दुसरीत ५०० जीबी हार्ड डिस्क (फिरत्या तबकड्यांची). आमच्या सर्व संस्थांची माहिती मिळून ११ जीबीसुद्धा भरत नव्हती. तरीही दहापट जागा मिळते आहे म्हणून आम्ही हार्ड डिस्क घेतली. संध्याकाळी एजंट मशीन जोडू लागले की प्रणाली मंदावायची, तेव्हा आम्ही आधी मेमरी वाढवली, मग प्रोसेसर वाढवले. ते पैसे वाया गेले.

खरे कारण ३१ मार्च २०१८ च्या रात्री कळले. सर्व ठेव खात्यांवर व्याज जमा करण्याचे काम दोन तासांत संपेल असा आमचा अंदाज होता. पहाटे साडेतीनपर्यंत ते चालूच होते आणि शाखांतले कर्मचारी चहाचे रिकामे पेले समोर ठेवून पडद्याकडे बघत बसले होते. सर्व्हर कशात गुंतला आहे ते दाखवणारा ‘टॉप’ हा आदेश लावून पाहिला, तर प्रोसेसर जवळजवळ रिकामे होते आणि डिस्कची वाट पाहण्यात जाणारा वेळ मात्र ऐंशी टक्क्यांच्या वर होता.

मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते, म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद लागतात. त्यात डोके सरकण्याचा वेळ मिळवला की विखुरलेल्या नोंदी सेकंदाला शंभराच्या आसपासच होतात. व्हीपीएसवर त्या शंभरातही शेजाऱ्यांचा वाटा असतो. आमची प्रणाली प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे पक्की करत होती, ‘लिहिले’ असे डिस्कने सांगेपर्यंत पुढची नोंद हाती घेत नव्हती.

व्याज आकारणीसाठी आम्ही पाचशे खात्यांचा एक गट करून तो एकदम पक्का करण्याची सोय केली आणि पुढच्या वर्षी ते काम मिनिटांवर आले. पिग्मीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. डेटाबेसची एक मांडणी बदलून दर सेकंदाला एकदाच डिस्कवर लिहावे, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. वेग त्याने खरोखर वाढतो, पण त्या सेकंदात वीज गेली तर तेवढ्या नोंदी जातात. भाजीच्या गाड्यावर उभ्या असलेल्या बाईंनी पन्नास रुपये दिले, पावती त्यांच्या हातात पडली आणि नोंद कुठेच नाही, हे आम्हाला कोणत्याही वेगासाठी मान्य नव्हते. तेव्हा बदलायला हवी होती ती डिस्कच.

एसएसडी म्हटले की सगळ्या सारख्या, हा आमचा दुसरा गैरसमज होता. ज्या एसएसडीत वीज गेल्यावरही हातातले लिखाण पूर्ण करण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर असतात, ती पक्की नोंद फार लवकर मान्य करते; घरगुती दर्जाच्या एसएसडीला ती जोखीम घेता येत नाही, म्हणून जाहिरातीतला वेग मोठा असूनही आमच्या कामात ती रेंगाळते. शिवाय नेटवर्कवरून जोडलेली डिस्क आणि सर्व्हरच्या पोटातली एनव्हीएमई (अधिक वेगाने जोडलेली एसएसडी) यांच्यातली निवड होतीच. नेटवर्कवरच्या डिस्कच्या प्रती सहसा एकाहून अधिक ठिकाणी असतात आणि यंत्र बिघडले तरी ती दुसऱ्या सर्व्हरला जोडता येते, पण प्रत्येक नोंदीला नेटवर्कचा फेरा पडतो. पोटातली डिस्क चपळ असते, परंतु यंत्र बंद पडले की तीही त्याच्यासोबत बंद.

आम्ही दोन्ही प्रकार महिनाभर भाड्याने घेतले आणि डिस्कचा वेग मोजणाऱ्या ‘एफआयओ’ या साधनाने तपासले : १६ केबीचे तुकडे, प्रत्येक तुकड्यानंतर पक्की नोंद, रांगेत एकच काम. सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला, दोन्ही वेळा. सरासरीपेक्षा आम्ही सर्वांत संथ एक टक्का नोंदींकडे जास्त पाहिले, कारण एजंटाला रखडायला लावतात त्या त्याच. शेवटी ८० जीबीची एनव्हीएमई घेतली आणि दुसऱ्या शहरात तिची सतत चालणारी प्रत ठेवली.

स्नॅपशॉटबद्दलही, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची स्थिती टिपून ठेवणाऱ्या प्रतीबद्दलही, सांगितले पाहिजे. २०२० मध्ये आमच्या तेव्हाच्या सेवादात्याकडे साठवणुकीत बिघाड झाला, त्या वेळी दुसऱ्या शहरातली प्रत देखभालीसाठी बंद होती आणि आम्ही विसंबून होतो ते स्नॅपशॉट त्याच बिघडलेल्या साठवणुकीत होते. सुदैवाने आदल्या रात्रीची प्रत वेगळ्या कंपनीच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (इंटरनेटवरून फायली ठेवण्याच्या सेवेत) होती आणि त्या दिवसाच्या पावत्या एजंटांच्या मशीनमध्ये शिल्लक होत्या. रात्री उशिरापर्यंत एकेक एजंट शाखेत परत आला, मशीन पुन्हा जोडले आणि कागदाच्या गुंडाळीवरची एकूण रक्कम पडद्यावरच्या रकमेशी ताडून पाहिली.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही रात्रीची प्रत एका रिकाम्या सर्व्हरवर उतरवतो, तिच्यातून तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) काढतो आणि संस्थेकडे छापून ठेवलेल्या त्याच दिवसाच्या तेरजेशी मांडून पाहतो. हे काम माझा भाऊ स्वतः करतो, आणि दोन्ही कागदांवर सही झाल्याशिवाय त्या दिवशी कार्यालय बंद होत नाही.