रंगाचे हात

बाबांची १९९१ सालची यामाहा आरएक्स १०० आता मी चालवते. बाबांचे गुडघे किक मारू देत नाहीत. गाडी काळी आहे आणि टाकीजवळ वाकलं तर आपला चेहरा दिसतो. त्यामुळे पार्किंगमध्ये, पंपावर, भाजी घेताना कोणी ना कोणी थांबतं आणि विचारतं, "ताई, ही घरी रंगवली की पेंटरकडं दिली?" दोन्ही केलंय, असं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: मग आम्ही काय करावं? रस्त्यात उभ्या उभ्या याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून लिहिते.

टाकी पेंटरकडे द्या. साइड पॅनेल, म्हणजे सीटखालची बाजूची झाकणं, घरी रंगवून बघायला हरकत नाही. आणि वेळ असेल तर दोन्हीची घासाई स्वतःच्या हाताने करा. माझं उत्तर एवढंच आहे, पण तिथवर पोचायला मला दीड वर्ष लागलं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. गाडी चार दिवस पाण्यात होती. इंजिन मिस्त्रींनी खोलून साफ केलं, पण टाकीच्या खालच्या कडेला रंगाला फुगे आले होते. नखाने उचकटला की पापुद्रा निघायचा आणि खाली तांबूस गंज. बाबा रोज संध्याकाळी बाहेर येऊन टाकीवरून हात फिरवायचे आणि काही न बोलता आत जायचे. मला ते बघवेना. सप्टेंबरातच मी स्प्रेचे कॅन, प्रायमर आणि पाणी लावून घासायचा वॉटर पेपर घेऊन आले आणि गच्चीवरच्या पत्र्याखाली काम मांडलं.

घाई केली, हीच पहिली चूक. हवेत ओल होती. चार हात मारले, संध्याकाळी टाकी झकास दिसत होती. सकाळी बघते तर काळ्यावर पांढरट झाक, अंगारा फासल्यासारखी. रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतं. हवा दमट असेल तर त्या थंड थरावर बाष्प धरतं आणि ओल्या रंगात अडकून बसतं. पुसून ते जात नाही. कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत उघड्यावर रंगकाम करू नये, हे मी तेव्हा शिकले. दिवाळीनंतर कोरड्या उन्हात सगळं घासून पुन्हा रंगवलं. या वेळी रंग खरोखर चांगला बसला. बाबांनी गाडी पुसायला नवं फडकं काढलं.

पंधरा दिवसांनी पंपावर पेट्रोल भरताना नळीतून चार थेंब टाकीवर ओघळले. मी पटकन पुसले आणि फडकं काळं झालं. टाकीच्या तोंडापासून खाली बोटभर रुंदीचा पट्टा मऊ पडून निघाला. त्या दिवशी घरी येताना मला रडू आलं, हे सांगायला लाज वाटत नाही.

आपल्याला सहज मिळतो तो साधा स्प्रे कॅन म्हणजे नुसता थिनर उडून वाळणारा रंग. वाळला म्हणजे फक्त कोरडा झाला. विरघळवणारं काही लागलं की तो पुन्हा विरघळतो, आणि पेट्रोल तसंच आहे. पेंटर टाकीवर शेवटी मारतात ते क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, दोन भागांचं असतं, ज्याला ते टू-के म्हणतात. त्यात हार्डनर मिसळला की रासायनिक क्रिया होऊन सगळा थर एकमेकांत बांधला जातो. पेट्रोलचा थेंब पडला आणि लगेच पुसला तर त्याला काही होत नाही. साध्या कॅनच्या रंगावर दहा हात चढवले तरी ही ताकद येत नाही. जाडी वाढते, जात तीच राहते.

मग टू-के घरीच का मारू नये? बुडाला बटण असलेले टू-केचे कॅनही मिळतात. बटण दाबलं की आतला हार्डनर मिसळतो. इथे मी कोणाचं मन राखणार नाही. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याची वाफ आणि उडणारे तुषार फुप्फुसात गेले तर दमा लागू शकतो. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही दम लागतो. वासावरून धोका कळत नाही. कापडी मास्क किंवा औषधाच्या दुकानातला मास्क इथे काहीच करत नाही. ज्या गच्चीवर शेजारच्यांचे कपडे वाळतात आणि मुलं खेळायला येतात, तिथे हे मारायचा आपल्याला हक्क नाही असं मला वाटतं. पेंटर निवडतानाही मी हेच बघते: हवा बाहेर खेचणारा पंखा आहे का, रंगाची गन चालवणाऱ्या पोराच्या तोंडावर नीट काडतुसाचा, म्हणजे वाफ गाळणारे डबे लावलेला, मास्क आहे का. ज्याला पोराच्या छातीची काळजी नाही, त्याच्याकडे मी गाडी देत नाही.

शेवटी शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्कर पेंटरांकडे गेले. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी टाकी घासून, गंज काढून, प्रायमर मारून नेली होती. मामांनी आधी नकार दिला. "दुसऱ्यानं घासल्यालं आमी घेत न्हाई ताई. रंग उठला की नाव आमचं जातंय." त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी टाकीवर पाणी ओतलं आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. ओल्या पृष्ठभागावर ट्यूबलाइटची सरळ रेघ दोन ठिकाणी वाकडी झाली. तिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, नीट भरली गेली नव्हती, आणि ते माझ्या बोटांना जाणवलंही नव्हतं. मामांनी प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारला आणि ४००चा पेपर हातात दिला. घासत गेलं की उंचवट्यावरचा काळा निघून जातो आणि खोलगट जागी राहतो. जिथे काळा राहिला तिथे पुन्हा लांबी. मी त्यांच्याकडे दोन शनिवार बसून तेवढंच केलं. मग ६००, मग ८००; आकडा वाढेल तसा पेपर बारीक. त्यानंतर त्यांनी गन हातात घेतली आणि दीड तासात रंग आणि क्लिअर दोन्ही मारून मोकळे झाले.

पैसे कशाचे, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते. पेंटरने सांगितलेल्या रकमेत रंगाचा डबा फार लहान असतो. बाकीची सगळी घासाई असते, आणि पुढे त्या दीड तासात हात कुठे थांबवायचा नाही याची तीस वर्षांची सवय. मी घासाई केली म्हणून मामांनी जवळपास निम्मे पैसे घेतले. प्रत्येक पेंटर असं करणार नाही, आणि केलं नाही तर राग धरू नका.

साइड पॅनेलची गोष्ट वेगळी. तिथे पेट्रोल पोचत नाही, पॅनेल लहान असतं, आणि बिघडलं तर पुन्हा घासून बसता येतं. पण प्लास्टिकची स्वतःची खोडी आहे. नव्या गाड्यांच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत एबीएस किंवा पीपी असं लिहिलेलं असतं, ही प्लास्टिकच्या जातींची नावं. एबीएस रंग चांगला धरतं, मात्र त्यावर कडक थिनर चोळू नका. प्लास्टिकच मऊ पडतं, चिरा जातात. पीपीवर प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर मारल्याशिवाय रंग धरतच नाही, काही दिवसांनी सालीसारखा सोलून येतो. आधी भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा. गाडीला कधी चकाकीचा सिलिकॉन स्प्रे मारला असेल तर आणखी दोनदा. माझ्या पहिल्या पॅनेलवर रंग मारताच बारीक गोल खड्डे उमटले, जणू रंग तिथून अंग काढून घेत होता. कारण तो स्प्रेच. घासण्याआधीच धुवायला हवं होतं. घासताना ते तेल सगळीकडे पसरलं.

कॅन दहा मिनिटं हलवा, खरोखर घड्याळ लावून. वीतभर अंतर ठेवा, पॅनेलच्या बाहेर फवारा सुरू करा आणि बाहेरच संपवा. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे. तिथेच सगळ्यांचा धीर सुटतो; एकाच हातात झाकायला जातात आणि ओघळ येतात. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. काम झाल्यावर कॅन उलटा धरून नुसती हवा येईपर्यंत दाबला तर तोंड बुजत नाही.

रंग जुळण्याचं मात्र बघा. काळा, पांढरा असे साधे रंग घरच्या आणि पेंटरच्या हातचे शेजारी शेजारी खपून जातात. मेटॅलिक असेल तर टाकी आणि पॅनेल एकाच हाताने, एकाच दिवशी मारलेले बरे, कारण चमकीचे कण कसे बसतात यावरच छटा बदलते. आणि काळ्याची लाल करायची असेल तर आरसी बुकात रंगाची नोंद असते, आरटीओत ती बदलून घ्यावी लागते.

आमच्या गाडीचं डावं पॅनेल मी रंगवलं, उजवं बाबांनी. त्यांचा हात थोडा थरथरतो, म्हणून त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने धरलं होतं. खालच्या कोपऱ्यात एक छोटा ओघळ आलाय. २०००च्या पेपरने तो सहज निघाला असता, पण मी त्याला हात लावलेला नाही. टाकीला मामांनी महिनाभर पॉलिश लावू नका म्हणून बजावलं होतं, तेही पाळलं. पंपावर पोरगा नळी काढायला लागला की मी अजून टाकीच्या तोंडाशी फडकं धरते.