खाली गेला, पण बंद नाही पडला

इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा माझा फुटबॉल क्लब. 2012 च्या मे महिन्यात तो प्रीमियर लीगमधून, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या श्रेणीतून, खाली गेला आणि अजून परत वर आलेला नाही. लालबागमध्ये वाढलेल्या बाईने मँचेस्टर युनायटेड नाही, लिव्हरपूल नाही, नेमका ब्लॅकबर्नच का धरला, हे मला ऑफिसात नव्याने येणारा प्रत्येक फुटबॉलवेडा विचारतो. एकदा नीट लिहूनच टाकते.

आमचे बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी अगदी तान्ही. अडीच लाख कामगार बाहेर पडले, डॉक्टर दत्ता सामंत पुढे होते आणि आमच्या चाळीत एकही घर असं नव्हतं जिथला माणूस संपात नव्हता. पुढे बाबांना परत घेतलं, पण थोड्याच वर्षांत ती गिरणी कायमची थंडावली आणि बाबा एका गोदामावर रात्रीचे वॉचमन झाले. नव्वदच्या दशकात केबल आली. बाबांची सुट्टीची रात्र असली की आम्ही दोघं फुटबॉल बघायचो, कारण त्या वेळेला दुसरं काही लागलेलंच नसायचं. अर्धा निळा, अर्धा पांढरा शर्ट घातलेला एक संघ दिसला आणि पडद्यावर नाव आलं. बाबा पुढे सरकून बसले. "अगो, ह्या नाव आमच्या साच्यार होता," म्हणाले.

खरंच होतं. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं विणकामाचं गाव. कापड तर तिथे विणायचेच, पण साचेही तिथे बनायचे आणि जहाजाने मुंबईला यायचे. बिडाच्या चौकटीवर कारखान्याचं आणि गावाचं नाव ओतलेलं असायचं. बाबांनी वीसेक वर्षं ते नाव रोज पाळीला पाहिलं होतं, तेलाच्या फडक्याने पुसलं होतं. ते एक गाव आहे, तिथे माणसं राहतात, शनिवारी मॅच बघायला जातात, हे त्यांना त्या रात्री कळलं. त्यानंतर आमच्या घरात दुसऱ्या कुठल्या क्लबला जागा नव्हती.

ते वर्षही तसंच होतं. 1994-95. केनी डॅलग्लिश मॅनेजर, आघाडीला ॲलन शिअरर आणि ख्रिस सटन. शिअररने त्या मोसमात लीगमध्ये 34 गोल केले. पैसा जॅक वॉकर यांचा, पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेला, पण ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला आणि लहानपणापासून याच संघामागे असलेला माणूस. 14 मे 1995 ला शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर 1-2 हरला, तरीही विजेता ठरला, कारण तिकडे लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने 1-1 असं रोखलं होतं. 89 गुण विरुद्ध 88. लाख-सव्वालाख वस्तीच्या गावाने इंग्लंडचं विजेतेपद घेतलं. बाबांनी सकाळी खाली जाऊन पेढे आणले आणि शेजाऱ्यांना वाटले. कशाचे, हे समजावण्यात त्यांचा दिवस गेला.

आता 2010 वर येते, कारण 2012 ची घसरण तिथे सुरू झाली असं माझं ठाम मत आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने ब्लॅकबर्न विकत घेतला. मी आनंदाने वेडी झाले होते. आपल्या महाराष्ट्रातल्या, कोंबडीच्या व्यवसायात जम बसवलेल्या घराण्याने तो क्लब घ्यावा ज्याचं नाव बाबांच्या साच्यावर होतं! वॉकर यांचं निधन 2000 साली झालं होतं, क्लब चांगला मालक शोधत होता, आणि तो पुण्यात सापडला होता. मला ते एखाद्या ठरलेल्या लग्नासारखं वाटलं.

डिसेंबर उजाडला आणि मॅनेजर सॅम अलरडाइस यांना काढून टाकलं. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता. अलरडाइस यांचं फुटबॉल देखणं नव्हतं, पण त्या माणसाचा संघ खाली जात नाही, एवढं इंग्लंडातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांच्या जागी आले स्टीव्ह कीन. ते क्लबमध्येच प्रशिक्षक होते आणि मॅनेजर म्हणून ही त्यांची पहिलीच नोकरी. तो मोसम शेवटच्या दिवशी वुल्व्हजच्या मैदानावर 3-2 जिंकून कसाबसा निभावला. उन्हाळ्यात फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला गेला.

2011-12 चा मोसम मी जवळजवळ सगळा पाहिला. त्याबद्दल लोकांना वाटतं की संघ अगदीच टाकाऊ होता. तसं नव्हतं. सप्टेंबरात आम्ही आर्सेनलला 4-3 हरवलं. डिसेंबरात आमच्या आघाडीच्या याकुबूने एकट्याने स्वान्सीवर चार गोल चढवले. 31 डिसेंबरला तर मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर, त्यांचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, 3-2 असं लोळवलं. दोन गोल याकुबूचे, विजयाचा गोल ग्रँट हॅन्लीचा. नवीन वर्ष लागताना इथे लोक फटाके वाजवत होते आणि मला वाटत होतं ते आमच्यासाठीच वाजतायत. याकुबूने त्या मोसमात लीगमध्ये 17 गोल केले. खाली गेलेल्या संघाकडून 17 गोल!

पण मागची बाजू उघडी होती. 38 सामन्यांत 78 गोल खाल्ले. फेब्रुवारीत आर्सेनलने 7-1 ने सूड उगवला. त्याच महिन्यात ख्रिस्तोफर सांबा, बचावाचा आमचा कणा, रशियातल्या अंझी क्लबला विकला गेला. ज्या घराचं छप्पर गळतंय त्याचा खांब कुणी विकतं का? इवूड पार्कवर, आमच्या घरच्या मैदानावर, कीन यांच्या विरोधात घोषणा रोजच्याच झाल्या होत्या. बोल्टनविरुद्ध घरच्या मैदानावर हरलो त्या डिसेंबरच्या रात्री तर प्रेक्षकांचा राग ऐकवत नव्हता. कीन यांच्याविषयी मला तेव्हाही वाईट वाटायचं, आजही वाटतं. पेलणार नाही असं ओझं त्यांच्यावर दुसऱ्यांनी ठेवलं होतं. दोष ओझं ठेवणाऱ्यांचा.

7 मे 2012, सोमवार. आपल्याकडे साडेबारा वाजून गेले होते, म्हणजे मंगळवारच. समोर विगन, तेही लँकेशायरचंच जुनं गिरणगाव. जिंकलो असतो तर शेवटच्या दिवसापर्यंत जीव टिकला असता. पाऊस नुसता कोसळत होता. सुरुवातीलाच कुणीतरी ब्लॅकबर्नचा झेंडा पांघरलेली एक कोंबडी मैदानात सोडली. जगभर त्या चित्रावर लोक हसले. मला हसू आलं नाही, रागही आला नाही. मालकांपर्यंत पोचायची दुसरी वाट न उरलेल्या माणसांनी केलेली ती गोष्ट होती. 87 व्या मिनिटाला कॉर्नर आला, अँटोलिन अल्काराझने हेडर मारला, 0-1. संपलं. अकरा वर्षं सलग वरच्या श्रेणीत राहिलेला क्लब 31 गुणांवर, वीस संघांत एकोणिसाव्या स्थानावर खाली गेला.

बाबा जागेच होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे आता क्लब बंद?" मी म्हटलं, नाही बाबा, ऑगस्टपासून खालच्या लीगमध्ये खेळतील. त्यावर ते जे बोलले तेच मला या सगळ्यात सगळ्यात मोलाचं वाटतं: "मग कित्या रडतस? आमची गिरण खाली नाय गेली, ती गेलीच."

गेली कित्येक वर्षं मी या वाक्याभोवती फिरते आहे. इंग्लंडमध्ये क्लब हरला तर त्याला खालची जागा मिळते. मैदान तेच, शर्ट तोच, शनिवारी तीच माणसं. प्रीमियर लीगमधून उतरणाऱ्या क्लबला पुढची काही वर्षं पैसेही मिळतात, धक्का सोसावा म्हणून. आपल्याकडे काय होतं? महिंद्रा युनायटेड, मुंबईचा केवढा दिमाखदार संघ, कूपरेजवर लाल जर्सीत खेळायचा. 2010 मध्ये तो कुठल्या श्रेणीत घसरला नाही, कंपनीने बंद केला. फगवाड्याचा जेसीटी पुढच्याच वर्षी बंद झाला. ऑक्टोबर 2011 मध्ये ब्लॅकबर्नचा संघ पुण्याला बालेवाडीत पुणे एफसीविरुद्ध खेळायला आला होता. मी दादरहून गाडी पकडून गेले होते. तो निळा-पांढरा शर्ट डोळ्यांनी बघितला तेव्हा घसा दाटून आला. त्या दिवशी समोर खेळलेला पुणे एफसीही आता नाही. आणि आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये तर इतकी वर्षं तळाला राहिलं तरी खाली जाण्याची भीतीच नव्हती. लोक त्याला सोय म्हणतात. मला ती सोय वाटत नाही. पडायची जागाच नसेल तर हरलेल्या संघाला उभं राहायची जागा कुठली?

ब्लॅकबर्नमधल्या गिरण्याही गेल्याच की. सप्टेंबर 1931 मध्ये गांधीजी शेजारच्या डार्वेनला गेले होते, तिथल्या गिरणी कामगार बायकांमध्ये उभे असलेला त्यांचा फोटो पुष्कळांनी पाहिलेला असेल. आपल्या बहिष्काराने ज्यांच्या पोटावर पाय आला त्याच बायका हसून टाळ्या वाजवतायत. पुढे साठच्या दशकात भरूच-सुरतकडची माणसं त्याच गिरण्यांत कामाला गेली आणि तिथेच राहिली. मग तेही साचे थांबले. राहिला तो क्लब. 1888 मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक.

2012 नंतरचे दिवस फार लांबवत नाही. कीन गेले, हेनिंग बर्ग आले आणि 57 दिवसांत गेले, मग आणखी एक. 2017 मध्ये, पुन्हा 7 मे लाच, शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डमध्ये 3-1 जिंकूनही आम्ही तिसऱ्या श्रेणीत गेलो. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे आणि आमचे गुण सारखे, 51, पण गोलफरकात आम्ही मागे. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब इतका खाली गेल्याची ती पहिलीच वेळ. पण वर्षभरात टोनी मोब्रे यांनी 96 गुण मिळवून संघ परत दुसऱ्या श्रेणीत आणला. डॉनकॅस्टरमध्ये चार्ली मलग्रूच्या गोलने ते पक्कं झालं, आणि त्या रात्री मी अख्खी चाळ उठवली. बाबा तेव्हा नव्हते.

मालक अजूनही पुण्याचेच आहेत. त्यांनी या क्लबमध्ये पुष्कळ पैसा घातला आहे, दरवर्षी तोटा भरून काढला आहे, हे मान्य करायलाच हवं. माझं भांडण पैशाचं नाही. मालकाने इवूडच्या स्टँडमध्ये बसून पावसात एक पराभव बघावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि 2025 चं राहिलं. ब्लॅकबर्नचा महिलांचा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. मैदानावर त्या पोरींनी आपली जागा राखली होती. पण त्या श्रेणीच्या नव्या अटींना लागणारा खर्च करायचा नाही असं क्लबने ठरवलं, परवान्यातून माघार घेतली आणि संघ खाली टाकला. 2012 ची घसरण मी सोसली, 2017 चीही सोसली, कारण त्या गुणतक्त्याने ठरवल्या होत्या. ही मी मान्य करणार नाही. त्या मुलींची जागा त्यांना परत द्या. पुण्यात कुणी वाचत असेल तर हे त्यांच्यासाठी आहे.