योग्य ती कार्यवाही

दुपारच्या चहानंतर टेबलावर आलेल्या नस्तीवर साहेबांचा हिरव्या शाईतला शेरा होता, ‘योग्य ती कार्यवाही करावी.’ ही नस्ती माझ्याकडे तिसऱ्यांदा येत होती. मधल्या काळात ती आस्थापना आणि लेखा या दोन्ही शाखांत मुक्काम करून आली होती आणि प्रत्येकाने आपल्यापुरती योग्य कार्यवाही, म्हणजे ती पुढे पाठवण्याची, तत्परतेने केली होती. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने आमचा कारभार मराठीत आणला, भाषा संचालनालयाने त्यासाठी कोशही सिद्ध केले. ‘योग्य’ म्हणजे काय, हे मात्र ज्याचे त्याने ओळखायचे.

माझे वडील एकेरी मार्गावरच्या एका लहानशा स्थानकात स्टेशन मास्तर होते. क्वार्टर फलाटाला लागूनच असल्यामुळे त्यांचे फोनवरचे बोलणे आम्हाला घरात ऐकू येई. गाडी येण्याआधी ते गेटमनला फाटक बंद करायला सांगत. तो ‘केले’ म्हणाला तरी भागत नसे. त्याने आपल्याजवळच्या छापील तक्त्यातला प्रायव्हेट नंबर, म्हणजे खात्रीच्या खुणेचा आकडा, सांगावा, वडिलांनी तो परत म्हणून दाखवावा, वहीत लिहावा आणि मगच सिग्नल द्यावा, असा शिरस्ता होता. ‘एकोणऐंशी. सात, नऊ.’ एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांची गल्लत किती सहज होते, हे पाढे म्हणताना मार खाल्लेल्या आम्हा भावंडांना निराळे सांगायला नको होते.

ही सवय घरातही आली होती. आईने भाजी सांगितली की ‘मेथी, दोन जुड्या’ असे परत म्हटल्याशिवाय ते पिशवी हातात घेत नसत, आणि आई कपाळाला हात लावी. पण गाडी निघून गेली की हा माणूस निवांत जेवायला बसे. फाटकावरचा गेटमनही बहुधा तसाच जेवत असावा.

आमच्या शाखेत नव्याने रुजू झालेली लिपिक याच शेऱ्यापुढे सकाळी तासभर बसून होती. विचारावे तर ‘एवढेही कळत नाही का’, न विचारता करावे तर ‘तुम्हाला कोणी सांगितले होते’. डबा तिने तसाच परत नेला असावा.

मी साहेबांना थेट विचारायचे ठरवून वर गेलो. साहेब बैठकीला गेले होते. तेव्हा खाली येऊन मी नस्तीवर ‘मार्गदर्शनार्थ सविनय सादर’ असे लिहिले आणि सही केली.