कॅनन घेऊ का निकॉन?

"दादा, कॅमेरा घ्यायचाय. कॅनन की निकॉन, कुणाच्या लेन्सा स्वस्त?" लग्नाच्या हॉलमध्ये, तालमीत, रंकाळ्यावर भेळ खाताना, कुठंही गाठ पडली की हा प्रश्न ठरलेला. परवा मिसळ खाताना तर एकानं दोन्ही कंपन्यांच्या बॉडीचे, म्हणजे लेन्सविना नुसत्या कॅमेऱ्याचे, भावच मोबाइलवर काढून दाखवले. लेन्सांचा हिशेब नंतर बघू म्हणाला. आता काय बोलणार? बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स मात्र पुढच्या बॉडीवरही चढते.

आधी माझीच फजिती सांगतो. तालमीतले फोटो काढायचं वेड लागलं होतं. लाल माती, कौलांतून आलेली तिरीप, बाकी सगळा अंधार. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येते ती, झूम केली की एफ ५.६ वर जाते; एफचा आकडा मोठा तेवढा उजेड कमी, त्यामुळं फोटो काळे यायचे. म्हणून निकॉनची जुनी ५० एमएम एफ १.८ 'डी' सेकंडहँड घेतली, अगदी स्वस्तात. तालमीत जाऊन बॉडीला लावली, तर फोकस फिरेचना! चूक माझीच, विचारलंच नव्हतं.

भानगड अशी. निकॉनचा माउंट, म्हणजे लेन्स बॉडीवर बसते तो खाचा, १९५९ पासूनचा. त्यांच्या बहुतेक 'डी' लेन्सांचा फोकस बॉडीतली मोटर फिरवते. डी७००० मालिकेत ती मोटर आहे, डी३००० आणि डी५००० मालिकेत नाही. कॅननने १९८७ मध्ये जुना माउंट सोडला आणि मोटर लेन्समध्येच बसवली. जुने गिऱ्हाईक चिडले, पण त्यामुळे आज कुठलीही ईएफ लेन्स त्यांच्या सगळ्यात स्वस्त डीएसएलआरवरही (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावरही) फोकस करते. म्हणजे निकॉनची स्वस्त लेन्स हवी तर बॉडी महाग घ्या, असा तो हिशेब.

म्हणून कॅननच स्वस्त? तसंही नाही. कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम २०१५ मध्ये सव्वाशे डॉलरच्या आसपास आली. निकॉनची तशीच, मोटर लेन्समध्येच असलेली 'जी' त्याआधी २०११ मध्ये आली ती २२० च्या आसपास. इथं कॅनन जिंकलं. पण स्वस्त बॉडीतल्या क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर ५० एमएम म्हणजे जरा लांबचीच नजर. घरात, हॉलमध्ये ३५ बरी, आणि तिथं निकॉनची ३५ एमएम एफ १.८ डीएक्स (क्रॉप सेन्सरसाठीची) साधारण २०० डॉलरला आली होती. कॅननकडं त्या भावात तशी लेन्सच नव्हती. लांबचं टिपणाऱ्या ७०-२०० एमएम झूमला पुन्हा उलटं. कॅननकडं एफ २.८ आणि एफ ४, दोन्ही स्टॅबिलायझरसह (हात हलला तरी फोटो सांभाळणारा) आणि त्याविना, अशा चार भावांच्या लेन्सा होत्या, तेव्हा निकॉनची एफ ४ यायला २०१२ उजाडलं.

तिसरी कंपनी पेंटॅक्स, तिच्या डीएसएलआरचं स्टॅबिलायझेशन बॉडीतच असतं, त्यामुळं जुनी लेन्सही स्थिर होते. भारी गोष्ट. पण ज्योतिबाच्या यात्रेच्या आदल्या रात्री कोल्हापुरात पेंटॅक्सची लेन्स कुणाकडं मागणार? मित्राच्या बॅगेतली लेन्स ही फुकटातली लेन्स असते. तिची किंमत कुठल्याच तक्त्यात नसते.

मिसळवाल्या पोराला मी एवढंच विचारलं, "काय काढणार?" म्हणाला, "भाचीचं गॅदरिंग, आणि कधीतरी दाजीपूरला गवे." कागदावर दोन लेन्सा लिहिल्या, दोन्ही कंपन्यांच्या, शेजारी भाव. गव्यासाठीच्या लेन्सेनं बॉडीचा भाव केव्हाच मागं टाकला. पोरगं तर्रीकडं बघत बसलं. वर आपल्याकडचा पावसाळा, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेलही धरायला सांगितलं. सेकंडहँड लेन्स घेताना टॉर्च मारून आत बुरशीचे धागे आहेत का तेही बघायचं.

माझी ती ५० एमएम अजून आहे. आता निकॉनचाच मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा, घेतलाय, पण त्यावर जुन्या लेन्सा बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही मोटर नाही, फोकस हातानंच फिरवायचा. पैलवान सलामी देऊन घटकाभर उभा राहतो ना, तेवढ्यापुरती ती चालते.