डावीकडे ‘दुसऱ्या’, उजवीकडेही ‘दुसऱ्या’

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेचा मजकूर मुद्रितशोधनाहून परत आला, साध्या टेक्स्ट फाईलमध्ये. काय बदललं त्याची यादी नाही, फक्त निरोप: ‘किरकोळच आहे.’ म्हणून जुनी-नवी फाईल विनमर्जमध्ये (दोन फायलींतले फरक रंगवून दाखवणारा प्रोग्रॅम) शेजारी उघडली, तर वरपासून खालपर्यंत सगळं पिवळं!

त्यांची फाईल मॅकवरची, माझी विंडोजवरची. ओळ संपल्याची खूण दोघांची वेगळी. तो फरक सोडून द्यायची सोय सेटिंगमध्ये आहे. निम्मं पिवळं गेलं.

उरलेल्या निम्म्यानं माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली. ओळीतला नेमका बदललेला शब्द विनमर्ज वेगळ्या छटेत दाखवतं. डावीकडे ‘दुसऱ्या’, उजवीकडे ‘दुसऱ्या’. पुढे ‘शेतकऱ्यांच्या’, तिकडेही तेच. चष्मा पुसला, फॉन्ट बदलला, अक्षरं मोठी केली. शेवटी वैतागून नोटपॅडमध्ये तो शब्द एकेक बॅकस्पेस मारत खोडायला घेतला, आणि तिथे सापडलं: एकीकडे सात वेळा मारावं लागलं, दुसरीकडे आठ.

त्यांच्या कीबोर्डनं ऱ्या लिहिताना युनिकोडमधला (संगणकातल्या अक्षरांची क्रमांकवार यादी) स्वतंत्र ‘ऱ’ (क्रमांक ०९३१) वापरला होता. माझ्या जुन्या कीबोर्डनं साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक (२००डी). डोळ्यांना एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. तो जोडक नुसता उडवू नका, रफार होऊन बसतो. माझ्या फाईलमधला ‘ऱ्य’ कॉपी करून नोटपॅड प्लस प्लसच्या ‘शोधा’मध्ये चिकटवला आणि त्यांच्या फाईलमधल्या ‘ऱ्य’नं सगळीकडे बदलला. ‘कऱ्हाड’, ‘तऱ्हा’ मात्र तसेच राहिले, कारण तिथे पुढे ह आहे! ते पुन्हा वेगळे बदलले.

एक सांगायचं राहिलं: आमच्याकडे अख्खा परिच्छेद एकाच ओळीत होता. तुलनेची साधनं ओळ हेच एकक धरतात, १९७४ मध्ये युनिक्स या संगणक प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीत आलेल्या ‘डिफ’ या तुलनेच्या प्रोग्रॅमपासूनच. एका स्वल्पविरामासाठी अख्खा परिच्छेद रंगतो. दोन्ही फायलींत प्रत्येक पूर्णविरामानंतर एंटर दिलात तर खरा बदल चटकन दिसतो.

आणि हे सगळं प्रतींवर करा, मूळ फाईलवर नाही. मी मूळ फाईलवरच केलं.

अखेर उरले एकोणीस फरक. अठरा खरंच किरकोळ. एकोणिसाव्यात एका देणगीदाराचे ५,००० रुपये ५०० झाले होते.