कर्दळीचा वाफा: सातवा आठवडा

वास गेला! आधी तेवढं सांगून टाकतो. अंघोळीचं आणि धुण्याचं सांडपाणी खडी आणि कर्दळीच्या वाफ्यातून गाळून झाडांना द्यायचा माझा खटाटोप चाललाय, आणि मागच्या नोंदीत सगळं रडगाणं त्या पाण्याला येणाऱ्या कुजक्या अंड्यांच्या वासाचंच होतं.

घोळ हिशोबात होता. २०० लिटरचा निळा ड्रम उभा चिरला, दोन्ही फाकांत खडी भरली, कर्दळ लावली आणि २०० लिटर पाणी मावतंय असं धरून चाललो. चौघांच्या अंघोळी आणि वॉशिंग मशीन मिळून आमचं रोजचं १८० लिटर. म्हणजे पाणी दिवसभर तरी थांबेल. पण खडीनं खाल्लेली जागा कोण वजा करणार? शेवटी २० लिटरची बादली खडीनं काठोकाठ भरली आणि मापानं पाणी ओतत गेलो. आठव्या लिटरला बादली वाहायला लागली. पोकळी ४० टक्के, म्हणजे ड्रममध्ये जेमतेम ८० लिटर! सकाळचं पाणी दुपारच्या आत तसंच दुधाळ बाहेर पडत होतं, आणि मी ते झाकणबंद टाकीत साठवत होतो. तिथे जिवाणूंनी ऑक्सिजन संपवला, की सल्फेटवर जगणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू. वास त्यांचा.

म्हणून परसात खड्डा घेतला: ३ मीटर लांब, १ रुंद, ६० सेंमी खोल. लातूरची काळी माती. वरचा थर सुका दगड, खाली चिकटा. दोन दिवस कंबर धरली. तळाला सिलपॉलिन (जाड प्लास्टिकची ताडपत्री), दोन्ही टोकांना मोठी खडी, मध्ये बारीक. निकासाचा एल्बो (पाइपचा कोपरा) असा बसवला की पाणी खडीच्या माथ्यापासून १० सेंमी खालीच राहतं. पाणी उघडं नाही, त्यामुळे डासही नाहीत. ५० सेंमी पाणी धरलं तर पोकळीत ६०० लिटर, म्हणजे तीन दिवसांहून जास्त मुक्काम. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड, म्हणजे झाडांच्या मदतीनं सांडपाणी शुद्ध करायचं तंत्र, याच तत्त्वावर चालतं. माझं आपलं घरगुती.

आई बघत होती. म्हणाली, "रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी मी हेच बादलीनं करत होते, तुझ्यासारखे पाइप नव्हते." २०१६ साली मिरजेहून पाणी यायचं तेव्हाची गोष्ट. पेरू तिनंच जगवला, हे खरं.

आता बाहेर येणारं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन मागे वर्तमानपत्र धरलं तर मथळेच काय, बारीक मजकूरही वाचता येतो. पेरू आणि केळीला देतोय, तेही साठवून न ठेवता, त्याच दिवशी. कोथिंबीर-पालकाला नाही.

मशीनच्या पाइपला जुना नायलॉनचा मोजा बांधलाय. तीन धुण्यांत तो धाग्यांनी गच्च होतो. हे सगळं आधी खडीत जात होतं!

काळजी एकच, सोडियमची. धुण्याच्या पावडरीतला सोडा काळ्या मातीला आणखी घट्ट करतो. म्हणून पावडर निम्मी केली आणि पाऊस पडला की वाफ्याचं पाणी गटाराला सोडून पेरूचं आळं नुसत्या पावसानं धुऊ देणार.

स्वयंपाकघराचं तेलकट पाणी अजून जोडलेलं नाही. त्यासाठी तेल अडवायची छोटी टाकी लागेल. कोणी बसवली असेल तर वरचा थर किती दिवसांनी काढता ते सांगा.