पाय न ठेवायची पायरी

पंढरपूरच्या अलीकडचा वाखरीचा शेवटचा तळ हलला की दिंडीत एकच चर्चा: विठ्ठलाच्या दर्शनरांगेला लागायचं की कळस पाहून परतायचं? आमच्यातले निम्म्याहून जास्त चंद्रभागेचं स्नान करतात, नगरप्रदक्षिणा घालतात, नामदेव पायरीवर माथा टेकतात आणि कळसाला हात जोडले की वारी पोचली म्हणतात. यंदा मी रांग धरली. पाय आधीच सुजलेले, त्यात पत्राशेडमधला उकाडा. पण एवढा वेळ सक्तीनं उभं राहिल्याशिवाय माणूस देवळाकडे देऊळ म्हणून बघत नाही.

रांगेआधी महाद्वारात, नामदेव पायरीपाशी गेलो होतो. येणाऱ्या संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली, असं परंपरा सांगते. आज तिथे पाय ठेवायची कुणाची छाती होणार नाही. पायरीची समाधी झाली, फुलं-बुक्क्यानं झाकली. समोरच चोखोबांची समाधी. आत जायची मुभा नसलेला हा भक्त जिथे थांबला, तिथेच आता आत जाणारे आधी वाकतात. हे दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये याच पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, हे पायरीपाशी उभं राहून आठवलं की कीर्तनातली समता जरा टोचते.

गंमत म्हणजे दर्शनाची रांग या दारातून आत जातच नाही. ती बहुमजली दर्शन मंडपातून चढत-उतरत मंदिरात शिरते. म्हणजे बांधणाऱ्यानं योजलेला क्रम, आधी महाद्वार, मग सभामंडप, सोळखांबी, चौखांबी आणि शेवटी गाभारा, आपल्याला तसा मिळतच नाही. जागा हळूहळू आवळत, अंधारत देवापाशी नेणारी ही रचना आहे. आपण मात्र तिच्यात बाजूनं घुसतो. लाखोंची गर्दी पाहता दुसरा इलाज नाही, हेही खरं.

सोळखांबीत माझ्यामागच्या आजींनी गरुडखांबाला अशी कडकडून मिठी मारली की रांग अडली. 'चला माऊली, चला,' मागून आवाज. आजी हलेनात. छत पेलणं हे खांबाचं काम, पण इथे देवाआधी त्याला भेटायचं असतं.

याच मंडपातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख मला या देवळातली सगळ्यात बोलकी वस्तू वाटते. १२७३ ते १२७७ या काळात देवळाला कुणी काय दिलं, याची ती नोंद. देवगिरीचा राजा रामदेवराव यादवाचं नाव आहे, त्याचा मंत्री हेमाद्रीचं आहे. थोडक्यात, दगडी देणगीवही. पुढे लोकांची श्रद्धा बसली की या दगडाला पाठ लावली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासल्या गेल्या, दगड गुळगुळीत झाला, अक्षरं झिजली. इतिहासाच्या अभ्यासकाला हळहळ वाटणारच, मलाही वाटते. पण राजाचं नाव पुसणाऱ्या त्या पाठींवर मला रागावता येत नाही.

२०२४ मध्ये पदस्पर्श दर्शन काही आठवडे बंद ठेवून मंदिराला मूळ रूप द्यायचं मोठं काम झालं. गाभाऱ्यातला ग्रॅनाइट निघाला, मागाहून चढवलेले थर उतरले, काळा दगड दिसू लागला. त्या कामातच हनुमान दरवाजाजवळ तळघर सापडलं, त्यातून दगडी मूर्ती निघाल्या. ग्रॅनाइट गेला ते फार बरं झालं; देवळात बँकेसारखी फरशी कशाला? पण 'मूळ रूप' म्हणजे नेमकं कुठलं? सोळखांबीतल्या तुळईवर १२३७ चा होयसळ राजा सोमेश्वराचा लेख आहे आणि आजचं बरंचसं बांधकाम मराठेशाहीतलं आहे. एकच मूळ धरून बाकीचं खरवडायचं म्हटलं तर त्या आजींची मिठीही मागाहून आलेलीच.

पायावर डोकं टेकलं, क्षणभरच. तेवढ्यात विठ्ठलाच्या पाठीशी लावलेला मऊ लोड दिसला. आषाढीच्या दिवसांत देवाचा पलंग काढून ठेवतात, काकडा नाही, शेजारती नाही, चोवीस तास दर्शन. वारकऱ्यांसाठी देव जागा, म्हणून पाठीला आधार, रखुमाईला तक्क्या. शेजघर असून निजायची सोय बंद! गोपाळपुरात काला झाला की आम्ही परतीला लागतो, त्यानंतर देवाचा शिणवटा घालवणारी प्रक्षाळपूजा होते आणि मग कुठे पलंग परत आत येतो.